हबाबची हकीकत

उर्दू शायरीत बुडबुड्याला 'हबाब' म्हणतात. माणसाची जिंदगी किती घटकाभराची आहे हे सांगायचं झालं की शायर हबाब घेऊन येतो. मराठी संतांकडेही पाण्यावरचा बुडबुडा याच कामाला आहे. दोन्ही भाषा शिकवताना ही प्रतिमा मी वर्गात कितीदा समजावली असेल, मोजदाद नाही. पण फुटण्यापलीकडे बुडबुड्याचं काही काम असेल, असं मनात आलं नव्हतं. ते आलं एका इको रूममध्ये.

माझ्या भाच्याला वयाच्या २९व्या वर्षी अर्धांगाचा हलका झटका आला. ना बीपी, ना शुगर, ना तंबाखू. दोन दिवसांत हात पूर्ववत झाला, पण कारण सापडेना. डॉक्टर म्हणाले, हृदयाच्या मधल्या पडद्यातून वाट आहे का ते बघू, बबल टेस्ट करू. हाताच्या शिरेत सुई होतीच. तिला तीन तोंडांची एक छोटी तोटी जोडली आणि तोटीला दोन सिरिंज. एकीत नऊ मिली सलाइन आणि एक मिली हवा, दुसरी रिकामी. सिस्टरने ही सिरिंज दाब, ती दाब, असं दहा-पंधरा वेळा भराभर केलं. काचेसारखं सलाइन ताकासारखं पांढुरकं झालं. ते शिरेत जाणार म्हटल्यावर भाचा घाबरला. "मामू, नस में हवा गयी तो आदमी मरता ना?"

"सिनेमात मरतो," डॉक्टर म्हणाले. हवेचा मोठा गोळा शिरेत गेला तर धोका असतोच, पण इतके बारीक बुडबुडे फुफ्फुसात अडकतात आणि तिथेच विरून जातात, हे त्यांनी समजावलं. मग स्क्रीनवर जे दिसलं ते मी विसरणार नाही. हृदयाचे उजवीकडचे दोन कप्पे क्षणात चांदण्यांनी भरले. डावीकडचे दोन काळेच. मधला पडदा एखाद्या बांधासारखा उभा. भाच्याला दम रोखून जोर करायला लावला, मग सोडायला सांगितलं, पुन्हा सलाइन दिलं. डावीकडे एकही चांदणी आली नाही. पडदा बंद होता.

घरी आल्यावर मी या प्रकाराच्या मागे लागलो. तो शोध मला आधी तेराव्या शतकातल्या कैरोला घेऊन गेला.

उजव्या कप्प्यातलं रक्त डाव्या कप्प्यात कसं जातं, हा वैद्यकातला फार जुना प्रश्न. दुसऱ्या शतकातला ग्रीक वैद्य गॅलन याने सांगितलं होतं की मधल्या जाड पडद्याला न दिसणारी बारीक छिद्रं असतात, त्यांतून रक्त पलीकडे झिरपतं. हजार वर्षं हे सगळ्यांनी मानलं. इब्न सीनाच्या 'अल-कानून' मध्येही हीच मांडणी. १२४२ च्या सुमारास इब्न अल-नफीस या हकिमाने 'अल-कानून'मधल्या शरीररचनेच्या भागावर शरह, म्हणजे भाष्य, लिहिलं. दमास्कसजवळ १२१३ मध्ये जन्मलेला, कैरोत नावारूपाला आलेला हा माणूस तेव्हा तिशीच्या आत होता. त्याने लिहिलं की पडद्याला छिद्रं नाहीत, ना दिसणारी ना न दिसणारी. उजवीकडचं रक्त फुफ्फुसात जातं, तिथे हवेत मिसळतं आणि मग डावीकडे येतं. दुसरा रस्ताच नाही.

आपल्याकडे 'हे सगळं आमच्या किताबांत आधीच होतं' म्हणणाऱ्यांची टंचाई नाही, आपल्यातही नाही आणि शेजाऱ्यांतही नाही. त्या फेरीत मला जायचं नाही. इब्न अल-नफीसला पूर्ण रक्ताभिसरण कळलं नव्हतं. ते १६२८ मध्ये विल्यम हार्वेने दाखवलं. फुफ्फुसातल्या केशवाहिन्या डोळ्यांनी पाहिल्या मालपिघीने, १६६१ मध्ये, बेडकाच्या फुफ्फुसात, सूक्ष्मदर्शकाखाली. आणि आपण आपल्या माणसाची कदर तरी कुठे केली? इब्न अल-नफीसचा 'मूजिज' नावाचा संक्षेप हिंदुस्थानातल्या युनानी हकिमांनी पिढ्यान्‌पिढ्या पाठ केला, पण फुफ्फुसाबद्दलचं हे भाष्य धूळ खात राहिलं. १९२४ मध्ये मुहियुद्दीन अल-ततावी हा इजिप्तचा तरुण डॉक्टर जर्मनीत शिकत असताना बर्लिनच्या ग्रंथालयातल्या हस्तलिखितात त्याला हा मजकूर सापडला.

गॅलनलाही न्याय द्यायला हवा. पोटातल्या बाळाचं फुफ्फुस चालत नसतं, म्हणून हृदयाच्या वरच्या दोन कप्प्यांमधल्या पडद्यात एक झडपेसारखी वाट असते. पहिला श्वास घेतला की ती मिटते. पण दर चार माणसांत साधारण एकाची ती पक्की चिकटत नाही. पायाच्या शिरेतली रक्ताची बारीक गाठ एरवी फुफ्फुसात अडकली असती, ती या वाटेने थेट मेंदूत जाऊ शकते. डॉक्टर भाच्याच्या हृदयात हेच शोधत होते. गॅलनची छिद्रं मात्र खालच्या कप्प्यांच्या जाड पडद्यात होती, आणि तिथे इब्न अल-नफीसच बरोबर होता.

आता मूळ गोष्टीकडे. बुडबुडा सोनोग्राफीत इतका का चमकतो? आवाजाची लहर एका पदार्थातून दुसऱ्यात शिरताना दोघांत जितका फरक, तितकी ती परत फिरते. रक्त आणि त्यातल्या तांबड्या पेशी यांत फरक फार थोडा, म्हणून रक्त पडद्यावर काळं दिसतं. पाणी आणि हवा यांत फरक प्रचंड, म्हणून बुडबुडा आरशासारखा वागतो. हे कुणी ठरवून शोधलं नाही. अमेरिकेतल्या रोचेस्टरमध्ये रेमंड ग्रामिॲक आणि नावावरूनच ओळख पटावी असे डॉ. प्रवीण शहा हृदयात नळी घालून हिरवा रंग सोडत होते, आणि त्याच वेळी छातीवर अल्ट्रासाउंड लावलेला होता. रंग सोडताक्षणी प्रतिध्वनींचा ढग उठला. १९६८ मध्ये त्यांनी हे छापलं. रंगाचा त्यात काही हात नव्हता. जोराने टोचताना तयार होणारे बारीक बुडबुडे हा ढग करत होते, हे पुढे उमगलं. आजची बबल टेस्ट त्या ढगाची लेक. दोन सिरिंज, एक तोटी, थोडं सलाइन. याहून स्वस्त तपासणी हृदयरोगात क्वचितच असेल.

पण हाताने घुसळलेल्या बुडबुड्याची धाव फुफ्फुसापर्यंतच. बबल टेस्टमध्ये तेच कामाचं आहे, तो पलीकडे दिसला म्हणजे चोरवाट आहे. परंतु डॉक्टरांना हृदयाचा डावा कप्पा, यकृत, मूत्रपिंड इथलं रक्तही उजळून बघायचं होतं. त्यासाठी बुडबुडा फुफ्फुसाच्या केशवाहिन्यांतून पार व्हायला हवा. तांबडी पेशी सात-आठ मायक्रॉनची, आणि तीही केशवाहिनीत अंग चोरून जाते. म्हणजे बुडबुडा तिच्याहून लहान हवा, दोन-तीन मायक्रॉनचा. मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. इथेच शायरांचं म्हणणं आडवं येतं, कारण बुडबुडा जितका लहान तितकं त्याचं आयुष्य कमी.

पाण्याचा पृष्ठभाग ताणलेल्या कातड्यासारखा असतो, तो बुडबुड्याला चारी बाजूंनी आवळतो. मोठ्या बुडबुड्याला हे जाणवतही नाही. पण दोन मायक्रॉन व्यासाच्या बुडबुड्यात, शुद्ध पाण्यात, आतला दाब बाहेरच्यापेक्षा सुमारे १.४ वातावरणाने जास्त होतो. इतक्या दाबाखाली आतली हवा भोवतीच्या पाण्यात विरघळू लागते. ती विरघळली की बुडबुडा आणखी लहान होतो, लहान झाला की आणखी आवळला जातो. एपस्टाइन आणि प्लेसेट यांनी १९५० मध्ये याचं गणित मांडलं. त्याप्रमाणे एवढासा उघडा हवेचा बुडबुडा सेकंदाच्या लहानशा अंशात संपतो. हातातून हृदयापर्यंत पोचायलाच काही सेकंद लागतात.

आणि तरीही याच आकाराचा हट्ट धरावा असं एक कारण होतं, आणि मला ते या सगळ्या हकीकतीतलं सर्वांत सुंदर वाटतं. मिन्नार्ट नावाच्या नेदरलँड्समधल्या खगोलशास्त्रज्ञाने १९३३ मध्ये वाहत्या पाण्याच्या आवाजावर एक निबंध लिहिला. पावसाळ्याच्या तोंडाला राजाराम बंधाऱ्यावरून पंचगंगा खाली पडते तो खळखळाट पाण्याचा नसतो, पाण्यात कोंडलेल्या बुडबुड्यांचा असतो. प्रत्येक बुडबुडा आक्रसतो-फुगतो आणि घंटेसारखा आपल्या सुरात वाजतो. मोठ्याचा सूर खाली, लहानाचा वर. एक मिलिमीटर त्रिज्येचा बुडबुडा सेकंदाला साधारण तीन हजार वेळा कापतो. हेच गणित केशवाहिनीतून जाऊ शकणाऱ्या बुडबुड्याला लावलं तर उत्तर सेकंदाला काही दशलक्ष वेळा असं येतं, आणि सोनोग्राफीची मशीन नेमकी याच पट्टीत गातात! मशीन बनवणाऱ्यांनी ही पट्टी निवडताना बुडबुड्याचा विचार केला नव्हता. केशवाहिनीची रुंदी तर त्यांच्या हातातच नव्हती. सगळं आपसूक जुळून आलं. माझ्यासारखा माणूस इथे 'सुब्हानअल्लाह' म्हणून थांबतो. ज्याला योगायोग म्हणायचं त्याने तसं म्हणावं.

मग टिकवायचा कसा? उत्तर गंगावेशीच्या दूध कट्ट्यावर रोज मिळतं. धारोष्ण दुधाचा ग्लास हातात आला की वरचा फेस तुम्ही मिशा पुसेपर्यंत टिकतो. नळाच्या पाण्याचा फेस टिकत नाही. दुधातली प्रथिनं प्रत्येक बुडबुड्याभोवती कातडं धरतात, म्हणून हा फरक. स्टीव्हन फाइनस्टाइन यांनी १९८०च्या दशकात तेच केलं, फक्त कट्ट्यावर नव्हे तर प्रयोगशाळेत. हाताने घुसळण्याऐवजी त्यांनी द्रवावर तीव्र अल्ट्रासाउंडचा मारा केला. त्यातून बारीक, सारख्या आकाराचे बुडबुडे निघाले, आणि ते केशवाहिन्यांतून जाताना दिसले. पुढे माणसाच्या रक्तातलं अल्ब्युमिन हे प्रथिन वापरून त्यांना कातडं मिळालं. या औषधाचं नाव अल्ब्युनेक्स. १९९४ मध्ये अमेरिकेच्या एफडीएने त्याला परवानगी दिली. त्याआधी १९९१ मध्ये जर्मनीत शेरिंग कंपनीचं साखरेच्या कणांवर बुडबुडे धरणारं इकोव्हिस्ट आलं होतं, पण ते हृदयाच्या उजव्या बाजूपुरतंच. (रक्तातलं प्रथिन म्हटल्यावर कुणी हलाल-हरामचं विचारेल. मी मुफ्ती नाही. जीव वाचवायला रक्त चढवणं जिथे रवा मानलं गेलं आहे, तिथे या थेंबभर अल्ब्युमिनबद्दल आलिमांना विचारावं. आणि पुढची बरीच औषधं अल्ब्युमिनशिवायच बनली.)

अल्ब्युनेक्स फुफ्फुसातून पार झालं, पण धापा टाकतच. कातडं होतं, तरी आत साधी हवाच होती. डाव्या कप्प्यातल्या जोरदार दाबाखाली ती भराभर रक्तात विरायची. मिनिटभराचाही भरवसा नव्हता.

तेव्हा कातड्याबरोबर आतला वायूही बदलायचं ठरलं. रक्तात जो जवळजवळ विरघळतच नाही, ज्याचे रेणू जड आणि आळशी आहेत, असा वायू भरला तर? फ्लोरिनयुक्त वायू असे असतात. १९९७च्या शेवटच्या दिवशी मंजूर झालेल्या ऑप्टिसनमध्ये तेच अल्ब्युमिनचं कातडं, पण आत परफ्लुरोप्रोपेन. बुडबुड्याचं आयुष्य एकदम काही मिनिटांवर गेलं. २००१ मध्ये डेफिनिटी आलं, त्याच वर्षी युरोपात ब्राको कंपनीचं सोनोव्ह्यू आलं. सोनोव्ह्यूच्या आत सल्फर हेक्झाफ्लोराइड. या दोघांचं कातडं प्रथिनाचं नव्हतं, फॉस्फोलिपिडचं होतं, म्हणजे एका प्रकारच्या स्निग्ध पदार्थाचं. डेफिनिटीची कुपी एका छोट्या यंत्रात ४५ सेकंद गदागदा हलवली की बुडबुडे तयार. सिस्टरने हाताने केलं तेच काम, नीट शिस्तीत.

हे कातडं आलं कुठून बघितलं तर पुन्हा फुफ्फुसापाशीच यावं लागतं. आपलं फुफ्फुस म्हणजे कोट्यवधी ओल्या फुग्यांचा घोस आहे. आवळण्याचा नियम त्यांनाही लागू. श्वास सोडताना ते मिटून चिकटायला हवेत. चिकटत नाहीत, कारण त्यांच्या आतल्या बाजूला एका चिकट पदार्थाचा थर असतो, त्याला सर्फॅक्टंट म्हणतात. त्यातला मुख्य रेणू डीपीपीसी नावाचा फॉस्फोलिपिड. श्वास सोडताना थर दाटतो आणि पाण्याचा ताण जवळपास शून्यावर येतो. १९५९ मध्ये मेरी एलन एव्हरी आणि जेरे मीड यांनी दाखवलं की अपुऱ्या दिवसांची बाळं श्वासाविना जातात ती हा थर तयार नसतो म्हणून. चार वर्षांनी अमेरिकेचे अध्यक्ष केनेडी यांचं बाळ याच आजाराने दोन दिवसांत गेलं, तेव्हा इलाज नव्हता. आज नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागात नळीतून सर्फॅक्टंट देतात. हाच डीपीपीसी डेफिनिटीच्या कातड्यात आहे. बुडबुड्याला अडवणाऱ्या अवयवाच्याच कोठारातला माल लावून बुडबुडा त्याच्या दारातून पार झाला.

कातडं आणि वायू जमले, तरी मशीनला बुडबुडा नेमका ओळखता यायला हवा, कारण स्नायू, चरबी, सगळ्यांकडूनच प्रतिध्वनी येतो. अल्लादिया खाँसाहेबांच्या गावात सप्तक समजावून सांगायची गरज नाही. शरीराचं मांस ज्या सुरात हाक मारावी साधारण त्याच सुरात ओ देतं. बुडबुडा दाबताना जितका आक्रसतो त्यापेक्षा सुटताना जास्त फुगतो, या असमानपणामुळे तो मूळ सुराबरोबर वरच्या सप्तकातला तोच सूरही लावतो. मशीनने फक्त वरचा सूर ऐकायचा ठरवलं की मांस गप्प होतं आणि रक्त तेवढं बोलतं. १९९०च्या दशकात हे तंत्र बसलं.

हे सगळं ज्याच्यासाठी, त्या रुग्णाचं बोलू. यकृतात एक डाग दिसला. तो निरुपद्रवी रक्तवाहिन्यांचा गुंता आहे की कर्करोग? डाय टाकून सीटी काढलं तर कळतं, पण क्रिएटिनिन वाढलेल्या माणसाला आयोडीनचा डाय द्यायला डॉक्टर कचरतात. डायबेटिसने किडनी थकलेली माणसं आपल्या प्रत्येक मोहल्ल्यात आहेत. बुडबुड्याचा किडनीशी संबंध नाही, किरणोत्सर्गही नाही. गुंता असेल तर बुडबुडे कडेकडेने हळूहळू आत भरतात. कर्करोग बहुधा झटकन उजळतो आणि मग शेजारच्या यकृताआधी विझतो. डॉक्टर हे पलंगाशेजारी बसून, डोळ्यांदेखत बघतात.

निर्धोक आहे म्हणून डोळे मिटून मात्र कुणी घेतलं नाही. इंजेक्शननंतर थोड्याच वेळात काही मृत्यू झाल्याच्या नोंदी आल्या आणि ऑक्टोबर २००७ मध्ये अमेरिकेच्या एफडीएने वेष्टनावर काळ्या चौकटीतला सर्वांत कडक इशारा छापायला लावला. हृदयरोगतज्ज्ञांनी आक्षेप घेतला की मुळात अत्यवस्थ रुग्णांनाच ही तपासणी होते, मग मृत्यूचा दोष बुडबुड्याचा कसा? २००८ मध्ये निर्बंध सैल झाले, आणि नंतरच्या मोठ्या अभ्यासांत मृत्यू वाढल्याचं दिसलं नाही. ॲलर्जीची जोरदार प्रतिक्रिया क्वचित येते, ती खरी आहे आणि तिची तयारी ठेवावीच लागते.

कोल्हापूरकरांना सोनोग्राफी म्हटलं की वेगळंच आठवतं. २००१च्या जनगणनेत आपल्या जिल्ह्यात सहा वर्षांखालच्या दर हजार मुलांमागे ८३९ मुली होत्या, आणि जिल्हाधिकारी लक्ष्मीकांत देशमुख यांनी सोनोग्राफी मशीनवर 'सायलेंट ऑब्झर्व्हर' बसवायची मोहीम काढली. हे मशीन पोटातल्या लेकीचा माग काढायला वापरलं गेलं, ही लाज आपल्या जिल्ह्याच्या नावावर आहेच. त्याच मशीनकडून एका म्हाताऱ्याची किडनी वाचवायचंही काम घेता येतं, हे कमी लोकांना माहीत असतं. मी ज्या सेंटरांत विचारलं तिथे बबल टेस्ट सगळ्यांना ठाऊक, कुपीतल्या बुडबुड्याबद्दल मात्र 'पुण्या-मुंबईला विचारा' हेच उत्तर मिळालं.

मुंबईला खरंच याच्याही पुढचं काम झालं आहे. पवईच्या आयआयटीत डॉ. रिंटी बॅनर्जी यांचं आधीचं संशोधन फुफ्फुसातल्या सर्फॅक्टंटवर होतं. २०१८ मध्ये त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्याने मायक्रॉनहूनही लहान बुडबुड्यांना पॅक्लिटॅक्सेल या कर्करोगाच्या औषधाच्या स्निग्ध पिशव्या जोडल्याचं प्रसिद्ध केलं. कल्पना अशी की बुडबुडा गाठीपर्यंत जाताना सोनोग्राफीत दिसावा, तिथे पोचला की बाहेरून अल्ट्रासाउंडचा मारा करून तो फोडावा आणि औषध तिथेच सांडावं. म्हणजे इतकी वर्षं ज्याला फुटू द्यायचं नव्हतं, त्याला आता आपण सांगू तेव्हाच फोडायचं. अजून हे प्रयोगशाळेतलं काम आहे. टोरंटोत २०१५ मध्ये बुडबुडे आणि अल्ट्रासाउंड वापरून माणसाच्या मेंदूतल्या रक्तवाहिन्यांची बंद कवाडं औषधासाठी तात्पुरती उघडली गेली, ती मात्र खऱ्या रुग्णाची.

भाचा आता बरा आहे, एक गोळी चालू आहे. कारण अजून सापडलेलं नाही. परवा त्याला ही सगळी हकीकत सांगत होतो, तर त्याने विचारलं, "पर वो गॅस? वो किधर जाता?"

मी सांगितलं. तो वायू शरीरात कशाशीच मिसळत नाही, बदलत नाही. कातड्याचं लिपिड शरीर आपल्या इतर चरबीसारखं पचवतं. वायू रक्ताबरोबर फिरत फुफ्फुसात येतो आणि दहा-एक मिनिटांत जवळजवळ सगळा उच्छ्वासातून बाहेर पडतो.

त्याने एक मोठा श्वास घेऊन सोडला. मग हसला. त्याला दिलं होतं ते नुसतं सलाइन आणि हवा, आणि तेही तीन महिन्यांपूर्वी.